शुगर निघाली, आता ताटात काय? भात-भाकरी आणि तेल-तुपाचा हिशेब

रिपोर्टमध्ये शुगर निघाली की पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत ठरलेल्या गोष्टी होतात. साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, भात बंद होतो, शेजारच्या काकू कारल्याचा रस सुचवतात आणि गिरणीतून पाच किलो ज्वारीचं पीठ दळून येतं. महिन्याभराने रक्त तपासलं तर जेवणानंतरचा आकडा जवळपास तिथेच. मग 'एवढं पथ्य पाळूनही' हे पालुपद सुरू होतं.

पथ्य पाळलेलं असतं हे खरं. हिशेब चुकलेला असतो. साखर गेली, पण पोळी-भाकरीतून येणारं पिष्ट (स्टार्च) तेवढंच राहिलं. किंवा भात खरंच सुटला, पण भूक मारायला शेव, चीज आणि तुपाची धार आली.

कर्बोदकं (पिष्ट आणि साखर) आणि स्निग्ध पदार्थ (तेल, तूप, चरबी) यांचा हिशेब वेगवेगळा लावावा लागतो. कर्बोदकं चुकली तर ग्लुकोमीटर दोन तासांत सांगतो. तेल-तूप चुकलं तर मीटर काहीच सांगत नाही. ते दिसतं लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, यकृताच्या सोनोग्राफीत, आणि फार उशीर झाला तर ईसीजीमध्ये. लोण्यात परतलेलं पनीर खाऊन दोन तासांनी १३० आकडा आला, तर त्या जेवणाने साखर वाढवली नाही एवढंच सिद्ध होतं. टाइप २ मधुमेहात माणसाला सगळ्यात मोठा धोका हृदयविकाराचा असतो, म्हणून हा दुसरा हिशेब सोडून चालत नाही.

पुढचं सगळं टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. गरोदरपण, टाइप १ मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञांकडून वेगळा आराखडा घ्या.

पायरी १ : ताटाआधी गोळ्यांची पट्टी बघा

जेवण बदलण्याआधी आपण कुठल्या गोळ्या घेतो ते पट्टीच्या मागे वाचा. ब्रँडचं नाव नको, बारीक अक्षरातलं औषधाचं नाव हवं.

नुसतं मेटफॉर्मिन असेल तर आहारातली कर्बोदकं कमी केल्याने साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही असेल किंवा इन्शुलिन सुरू असेल, तर गोष्ट वेगळी. ही औषधं तुम्ही जेवलात की नाही हे विचारत नाहीत, आपलं काम करत राहतात. आज तीन पोळ्यांवरून एका पोळीवर आलात आणि डोस तोच ठेवलात तर दुपारी घाम फुटून हातपाय थरथरू शकतात. आधी डॉक्टरांना फोन करा.

नाव डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखं, म्हणजे शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेलं असेल, तर कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा कीटो आहार किंवा लांबलचक उपवास स्वतःच्या मनाने करायचा नाही. या गोळ्यांवर असताना रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा मीटरवरचा आकडा फारसा चढलेलाही नसतो, त्यामुळे लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठायचा.

पायरी २ : कर्बोदकं नेमकी कुठे आहेत ते शोधा

'मी गोड खातच नाही' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो, पोळ्या किती खाता? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब अभ्यासाने २०२५ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येते, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखरेचा. साखर हा त्या ढिगाचा एक कोपरा आहे, बाकीचा ढीग धान्याचा.

घरगुती मापात ढोबळ हिशेब असा. मध्यम आकाराच्या एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, त्यातून सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पातळ फुलका असेल तर १५. दाबून न भरलेला वाटीभर भात म्हणजे ३०. वाटीभर वरण किंवा उसळ १५ च्या आसपास. मध्यम बटाटा १५ ते २०. पेलाभर दूध १०. मोठं केळं २५, छोटं वेलची केळं त्याच्या निम्मं. चहाचा एक चमचा साखर ५ ग्रॅम. पालेभाज्या, दुधी, दोडका, वांगं, भेंडी, कोबी, काकडी यांत इतकी कमी असतात की सुरुवातीला मोजायचीच नाहीत.

आता घरातलं नेहमीचं दुपारचं जेवण यात बसवून बघा. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, दीड वाटी भात, वाटीभर वरण. ६०, २०, ४५ आणि १५. एका जेवणात १४० ग्रॅम, आणि यात गोडाचा कणही नाही.

यात सगळ्यात जास्त फसवते ती डाळ. 'प्रोटीनसाठी वरण खातो' असं आपण म्हणतो, पण तूरडाळीत प्रथिनांपेक्षा कर्बोदकं दुपटीहून जास्त असतात. डाळ चांगलीच आहे. तिच्यातलं पिष्ट सावकाश पचतं, तंतूही (फायबर) भरपूर असतात. पण वरण-भात म्हणजे एक कर्बोदक आणि एक प्रथिन नव्हे. ते दीड कर्बोदक आणि अर्धं प्रथिन आहे.

पायरी ३ : भाकरीचं माप घ्या

शुगर निघाल्यावर 'पोळी बंद, भाकरी सुरू' हा सल्ला इतका सर्रास मिळतो की त्यावर शंका घेणं पाप वाटतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यात १०० ग्रॅममागे कर्बोदकं अशी आहेत: कणकेत सुमारे ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८, बाजरीत ६२, नाचणीत ६७. तंतू चारही ठिकाणी १० ते ११ ग्रॅमच्या घरात. तांदूळ खरोखर वेगळा पडतो: कर्बोदकं ७८ आणि तंतू जेमतेम ३. बाकी चौघांत डावं-उजवं करण्यासारखं फार नाही.

खरा फरक पडतो तो पिठाच्या गोळ्यात. पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते. हातावर थापलेली, ताटाएवढी भाकरी करायला ६० ग्रॅम पीठ सहज जातं. म्हणजे एका भाकरीत ४० ग्रॅम कर्बोदकं. दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याने कर्बोदकं दुप्पट केलेली असतात आणि वर 'भाकरीनेसुद्धा शुगर वाढते' अशी तक्रारही असते. नाचणीचं आंबील किंवा सत्त्व तर भाकरीपेक्षाही लवकर पचतं. दळून शिजवून पातळ केलं की पोटाला करायला काम उरत नाही.

म्हणून घरात पाचशे-सातशे रुपयांचा छोटा स्वयंपाकघरातला काटा असेल तर फार बरं. एकदाच बसून आपल्या घरच्या पोळीचा गोळा, भाकरीचा गोळा, भाताची वाटी आणि एका माणसाचे कोरडे पोहे तोलून घ्या. आईच्या हातची भाकरी आणि सुनेच्या हातची भाकरी यांत २० ग्रॅमचा फरक निघतो, तो तक्त्यांत सापडत नाही. आकडे फ्रीजच्या दारावर लिहून ठेवले की रोज तोलायची गरज नाही.

भाकरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. चवीला, पोटभरीला, चावून खायला ती पोळीला सरस आहे, आणि जाडसर दळलेलं पीठ असेल तर साखर चढायचा वेगही थोडा मंदावतो. फक्त ती मोजून खायची.

पायरी ४ : ताट उलट्या बाजूने वाढा

मोठ्या स्टीलच्या ताटात पोळी मध्यभागी आणि भाजी एका कोपऱ्यात, ही आपली सवय. नऊ इंची ताटली घ्या आणि अर्धी ताटली आधी भाजी-कोशिंबिरीने भरा. बटाटा, रताळं, सुरण, मका हे भाजीत धरायचं नाही, धान्यात धरायचं. पाव ताटलीत प्रथिनं: मोड आलेली मटकी, अंडी, मासे, चिकन, पनीर किंवा सोयाबीन. उरलेल्या पाव ताटलीत पोळी, भाकरी किंवा भात.

सुरुवातीला एका जेवणात ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं धरून बघा. दोन फुलके आणि वाटीभर उसळ झाली की ४५ होतात. किंवा एक पोळी, लहान अर्धी वाटी भात आणि पाऊण वाटी वरण. शेतावर दिवसभर राबणाऱ्या माणसाला हे पुरणार नाही आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्या बारीक चणीच्या बाईला जास्तही होईल. आकडा तुमच्या मीटरवर आणि वजनावर ठरेल, तो दगडावर कोरलेला नाही.

खाण्याचा क्रमही बदला. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मग भाजी आणि उसळ, शेवटी पोळी-भात. तेच पदार्थ, तेवढेच, पण धान्य शेवटी खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्याकडे वरण-भाताने जेवायला सुरुवात करायची पद्धत असते, ती नेमकी याच्या उलट. शेवटचा ताक-भात आवडत असेल तर तोच तुमचा भात, पहिला सोडा.

भात शिजवून पेज काढून टाकली की साखर निघून जाते, असं बरेच जण सांगतात. थोडं पिष्ट जातं, बाकी दाण्यातच राहतं. शिळा भात गरम करून खाल्ला तर साखर थोडी कमी चढते हे खरं आहे, पण तेवढ्यावर दोन वाट्या भाताची मुभा मिळत नाही.

जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. आडवं पडायचं असेल तर त्यानंतर. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, आणि त्यासाठी ट्रॅकसूट घालून मैदानावर जायची गरज नसते. इमारतीच्या आवारात चार फेऱ्या पुरतात.

पायरी ५ : नाश्ता आणि चहा

आपले नाश्ते म्हणजे पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी, इडली, शिरा. सगळे जवळपास शुद्ध पिष्ट. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी म्हणजे ४५ ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा घातला तर आणखी. आणि सकाळी शरीर इन्शुलिनला जरा कमीच दाद देतं, त्यामुळे हाच नाश्ता दुपारपेक्षा सकाळी जास्त महाग पडतो.

पोहे सोडायची गरज नाही. पोहे निम्मे करा, त्यात मटार, गाजर, कोबी, फरसबी तेवढीच घाला, बटाटा वगळा, शेजारी एक-दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी ठेवा. मुगाच्या डाळीचं धिरडं, भाज्या घातलेलं बेसनाचं पोळं, भाजणीचं एकच थालीपीठ आणि दही, हे त्याहून बरं. थालीपिठाला भोकं पाडून प्रत्येक भोकात तेल सोडायची आपली कला मात्र आवरायला हवी.

चहा हा वेगळाच विषय आहे. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, झाली ४० ग्रॅम साखर. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जीभ कुरकुर न करता जुळवून घेते. साखरेऐवजी गूळ घालणं म्हणजे नाव बदलणं. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोजच असतो, मधही सुमारे ८० टक्के साखरच. चहाबरोबरची 'डायबेटिक' बिस्किटं उलटून पाकिटामागचा तक्ता वाचा. 'साखर' ही ओळ सोडून 'एकूण कर्बोदकं' ही ओळ बघायची. मैदा तिथे दिसतो.

पायरी ६ : मीटरला प्रश्न विचारायला शिका

रोज उठून उपाशीपोटीची साखर बघणं आणि तेवढ्यावर दिवसभराचा मूड ठरवणं यातून जेवणाबद्दल काही कळत नाही. उपाशीपोटीचा आकडा बराचसा यकृत रात्रभर किती साखर सोडतं त्यावर ठरतो. रात्रीचं जेवण टाकलं तरी सकाळचा आकडा चढलेला असू शकतो.

जेवणाबद्दल जाणून घ्यायचं तर जोडीने तपासा: जेवायला बसण्याआधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. जेवण संपल्यापासून मोजायचं नाही. बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य धरतात. तुमचं डॉक्टर ठरवतील. समजा आधी ११५ आणि दोन पोळ्या, वाटीभर भातानंतर २१५ आलं. दुसऱ्या दिवशी बाकी सगळं तेच ठेवून फक्त भात काढा. आकडा १७० वर आला तर भाताचं उत्तर मिळालं. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पट्ट्या महाग असतात, त्यामुळे आठवड्यातून तीन-चार जोड्या पुरे, पण दर वेळी वेगळ्या जेवणाच्या. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा सोलून तसंच बोट टोचलं तर बोटावरच्या रसानेच आकडा भलता येतो. चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य आहे, तेव्हा १४८ आणि १५५ मध्ये अर्थ शोधत बसू नका.

एक गोष्ट खास लक्षात ठेवायची. पुरी-भाजी, पिझ्झा, बिर्याणी अशा तेलकट जेवणानंतर दोन तासांचा आकडा बरा येतो आणि माणूस खूश होतो. स्निग्ध पदार्थामुळे पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून साखर उशिरा चढते आणि जास्त वेळ वर राहते. त्याच दिवशी चार तासांनी पुन्हा बघा. 'भातावर तूप घातलं की शुगर वाढत नाही' या फॉरवर्डमागचं अर्धं सत्य हेच. तुपाने वेग कमी होतो, भातातली कर्बोदकं कमी होत नाहीत, आणि वर तुपाच्या कॅलरी चढतात.

पायरी ७ : तेलाची पिशवी मोजा

एक ग्रॅम कर्बोदकातून ४ कॅलरी, एक ग्रॅम स्निग्धातून ९. तेल घाण्याचं असो, करडईचं असो, ऑलिव्हचं असो, ९ च. 'शून्य कोलेस्टेरॉल' असं पिशवीवर छापलेलं असतं त्याला भुलू नका. कोलेस्टेरॉल वनस्पतीजन्य तेलात नसतंच.

आपल्याला याची जास्त फिकीर का करावी लागते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून कळतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी. 'मी तर बारीक आहे, मला कसा झाला' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे. ही चरबी पोटात, यकृतात साठली की इन्शुलिनचं काम अडतं. म्हणून काट्याबरोबर टेपही ठेवा. पुरुषांना कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा.

मोजायची सोपी रीत म्हणजे महिन्याला घरात येणाऱ्या तेलाच्या पिशव्या. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण १५ ग्रॅम, तीन-चार चहाचे चमचे. चौघांच्या घरात दोन लिटर. बहुतेक घरांत हा आकडा चार-पाच लिटरवर निघतो आणि 'आम्ही तर फारच कमी तेल वापरतो' हे वाक्य विरून जातं. तेलाच्या बाटलीने फोडणी घालणं बंद करा, चमच्याने घाला. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

मग कुठलं तेल? शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, राइस ब्रान यांत संपृक्त स्निग्धाम्लं (सॅच्युरेटेड फॅट) कमी असतात, त्यातलं कुठलंही चालेल. दोन प्रकार आलटून पालटून वापरा. पामतेलात ती सुमारे निम्मी, तुपात ६० टक्क्यांहून जास्त, खोबरेलात जवळपास ९० टक्के. दिवसभरात संपृक्त स्निग्ध १८ ते २० ग्रॅमच्या आत ठेवायचे असतील तर वरणावर चमचाभर तूप, म्हणजे त्यातून ३ ग्रॅम, खुशाल घ्या. डाव घेऊन बसू नका. कोकणात आणि गोव्यात नारळ सोडा म्हणून सांगणं म्हणजे जेवणच सोडा म्हणणं. पण वाटपात खोबरं निम्मं करून कांदा, धने, थोडी भाजलेली डाळ वाढवली तर आमटीला दाटपणा राहतो. बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा खा. दोन्ही ओमेगा-३ ने भरलेले आणि तुलनेने स्वस्त. रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तिखल्यात बरे. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी.

न दिसणारं तेल याहून जास्त. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. मूठभर दाणे चांगलेच, पण प्रत्येक भाजीत दोन डाव कूट घातलं की तोही हिशेबात येतो. बेकरीतली खारी, बटर, नानकटाई यांत मैदा आणि घट्ट चरबी एकत्र मिळतात, दोन्ही हिशेब एकाच घासात बिघडवतात. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे चांगलं झालं. पण त्याने खारी पौष्टिक होत नाही. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं टाळा.

आता लिपिड प्रोफाइल हातात घ्या. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) जास्त असेल तर तूप, लोणी, साय, खोबरेल, पाम आणि मटणाच्या चरबीकडे बघा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) जास्त असतील तर लोक तेल बंद करतात आणि भात वाढवतात, जे उलटं होतं. जास्तीच्या पिष्टाची आणि साखरेची यकृत चरबी बनवतं आणि ती ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात सोडतं. दारूही तेच करते. तो आकडा उतरवायचा तर पोळी-भात आणि साखर कमी करायला हवी.

पायरी ८ : एकादशी, आंबा, गणपती

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेहींसाठीच केली असावी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १ ग्रॅमही नाहीत. खिचडीच्या एका बशीत ५० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं, त्यात बटाटा, तूप आणि कूट. दोन्ही हिशेबांना एकदम सुरुंग. उपवास करायचाच असेल तर थोडी भगर, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर, दही-ताक. गोळ्यांचं काय करायचं हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवा, सकाळी नाही.

आंब्याबद्दल दरवर्षी भांडणं होतात. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम साखर. अर्धा हापूस दुपारी चारला, फोडी करून, नुसता खाल्ला तर बहुतेकांना पचतो. आमरस-पुरीच्या जेवणात तो पुरीवर चढतो. उकडीच्या मोदकात तांदळाची उकड आणि गूळ मिळून एका पोळीपेक्षा जास्तच कर्बोदकं. दोन मोदक खायचे असतील तर त्या जेवणात पोळी-भात नको. लग्नात पंगतीपेक्षा बुफे सोयीचा, कारण आग्रह करायला कोणी समोर उभं नसतं.

पायरी ९ : साखर खाली गेली तर

आकडा ७० च्या खाली, किंवा घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही ७० च्या आत असेल तर पुन्हा घ्या. आकडा वर आल्यावर थोडं काही खा. पेढा, चॉकलेट, लाडू देऊ नका. त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि इथे वेळच नसतो.

गोळ्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखरही चटकन काम करत नाही, कारण ही औषधं तिचं आतड्यातलं विघटनच अडवतात. अशांच्या घरात आणि खिशात ग्लुकोज पावडर हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

पायरी १० : पुढच्या भेटीला काय न्यायचं

आहार बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), आणि त्याबरोबर लिपिड प्रोफाइलही करून घ्या, नाहीतर अर्धाच हिशेब समोर येतो. वहीचं एक पान न्या: जेवणाआधी आणि दोन तासांनंतरचे आकडे, शेजारी काय खाल्लं ते, कमरेचा घेर आणि महिन्याला किती तेल लागलं. 'पथ्य पाळतो' यापेक्षा या पानावरून डॉक्टरांना जास्त कळतं.

वजन बरंच जास्त असेल आणि मधुमेह नवा असेल तर औषधं कमी होतील का हेही विचारा. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात असलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली दिला होता. घरी बसून हा प्रयोग करू नका. डॉक्टरांना एवढं नक्की विचारा की वजन पाच किलो उतरलं तर यातली कुठली गोळी आधी कमी करायची, आणि उत्तर त्याच पानावर लिहून आणा.